दुसरी रिकव्हरी : बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील माहिती घरच्या घरी किती काढता येते?



रिकव्हरी हा शब्द आपल्याला नवा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावर, गव्हाणीपाशी, चहाच्या टपरीवर एकच विचारणा असते, 'आज रिकव्हरी किती?' शंभर किलो उसातून साखर किती निघाली, त्याचा तो हिशेब. या लेखात आम्ही लिहीत आहोत ती रिकव्हरी निराळी. घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली, तर तिच्यातील फोटो, कागद, हिशेब यांपैकी किती परत हाती येतील, हा तो प्रश्न आहे.

दोन्हींत एक साम्य मात्र आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आपण जाणतो. फडात पडून राहिला की त्यातील साखरेचे विघटन होते, वजन घटते, आणि मग कारखान्याची यंत्रे कितीही चांगली असोत, गेलेली साखर परत येत नाही. डिस्कचेही तसेच. ती बिघडल्यावर पहिल्या तासाभरात घरात काय केले जाते, त्यावर पुढचा सगळा उतारा ठरतो. फक्त उसाला घाई करावी लागते, आणि इथे घाईनेच घात होतो.

हल्ली पुष्कळ घरांत संगणक नाहीतर लॅपटॉप आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांसाठी म्हणून अनेकांनी जुनापाना संगणक घेतला. तो नुसत्या अभ्यासापुरता राहिला नाही. ठिबकचे कागद, माती परीक्षणाचे अहवाल, दुधाचा आणि मजुरांच्या उचलीचा हिशेब, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळे त्यात जाऊन बसले. एखाद्या घरी आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचे रेकॉर्डिंग असते. आजी गेली, जाते परसात पडून राहिले, आणि तो आवाज आता त्या एका डबीत उरला आहे. अशा डबीवर प्रयोग करण्याआधी ती आत कशी चालते एवढे तरी माहीत असावे.

डबीच्या आत काय असते?

ग्रामोफोनची तबकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. हार्ड डिस्कमध्ये ॲल्युमिनियमची किंवा काचेची आरशासारखी गुळगुळीत तबकडी असते, कधी एक, कधी अनेक. तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. एका दांडीच्या टोकाला बारीकसे 'हेड' असते, ते माहिती लिहिते आणि वाचते. ग्रामोफोनची पिन तबकडीला टेकते; इथे मात्र हेड टेकत नाही, टेकले की संपले! तबकडी फिरताना जी हवा तयार होते तिच्यावर ते तरंगते. तबकडी आणि हेड यांतले अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आणि वेग? टेबलावरच्या संगणकातली डिस्क बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हिशेब केला तर तबकडीची कड ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटरने पळत असते. त्या फटीत धुळीचा कण म्हणजे भरधाव ट्रॅक्टरपुढे धोंडा.

पहिली अशी डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोदेखील तेवढी जागा खातो.

डिस्क बिघडली की आणखी काही?

संगणक सुरू होत नाही म्हणजे डिस्क गेलीच, असे समजून पुष्कळ लोक हाय खातात. तसे नसते. पॉवर सप्लाय जळालेला असतो, मदरबोर्ड गेलेला असतो, केबल सैल झालेली असते, किंवा नुसते विंडोज बिघडलेले असते. मोटार बंद पडली म्हणून विहिरीतले पाणी आटत नाही. म्हणून पहिली परीक्षा अशी करावी : संगणकाची वायर काढून, चार स्क्रू सोडवून डिस्क बाहेर काढावी आणि दुसऱ्या चालू संगणकाला जोडून पाहावी. त्यासाठी साटा-टू-यूएसबी नावाची केबल मिळते. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, तेव्हा वेगळ्या अडॅप्टरची केबल मागावी. नुसती केबल लावून 'डिस्क फिरत नाही, मेली' असा निकाल देणारे आम्ही पाहिले आहेत. तिला वीजच पोचलेली नसते.

जोडल्यावर कान देऊन ऐकावे. एकसारखा बारीक घूं आवाज येऊन डिस्क दिसू लागली, आणि तिची क्षमता बरोबर दाखवत असेल, तर आशा चांगली आहे. फोल्डर उघडत असतील तर इतर काही न करता आधी सर्वांत महत्त्वाच्या वस्तू दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. सिनेमे, गाणी मागे राहू द्यावीत.

कधी डिस्क दिसते, पण विंडोज म्हणते, 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा.' इथे 'होय' दाबू नये. पुन्हा सांगतो, दाबू नये. याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की कोणती फाइल कुठे आहे याची नोंदवही खराब झाली आहे. सात-बाऱ्यावरील नाव चुकून कमी झाले म्हणून रान कुठे जात नाही. ते बांधासकट तिथेच असते. चुकून पुसलेल्या फाइलचेही हेच. हार्ड डिस्कवर पुसणे म्हणजे बहुतेक वेळा नोंद कमी करणे आणि 'ही जागा मोकळी आहे' असे लिहिणे. मूळ माहिती त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहते. म्हणूनच त्या डिस्कवर नवे काही उतरवू नये. फाइली परत आणण्याचा प्रोग्रामसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नये. हरवलेल्या धान्याचा शोध घेताना त्याच कणगीत नवे धान्य ओतण्यासारखे ते होते.

विंडोजमध्ये डिस्क दुरुस्तीचा 'चेकडिस्क' नावाचा कार्यक्रम आहे. निरोगी डिस्कची नोंदवही बिघडली असेल तर तो उपयोगी पडतो. परंतु डिस्कच मोडकळीला आलेली असताना तो चालवला तर तो त्या दुबळ्या डिस्कवर लिहितो, तिला तासन् तास राबवतो, आणि अर्धवट फाइलींचे तुकडे करून ठेवतो. माहिती बाहेर निघेपर्यंत तो वर्ज्य समजावा.

टिक-टिक आवाज आला तर

डिस्कमधून ठरावीक अंतराने टिक-टिक किंवा खट-खट असा आवाज येत असेल, किंवा घासल्यासारखा आवाज असेल, तर ताबडतोब वीज बंद करावी. 'एकदा परत लावून बघू' हा मोह आवरावा. हेड बिघडले की ते तबकडीवरील खुणा वाचू शकत नाही, पुन्हापुन्हा मागे जाऊन आपटते, त्याचा तो आवाज. तेच हेड तबकडीला टेकलेले असेल, तर दर फेऱ्याला चुंबकीय थर खरवडून निघतो, म्हणजे मिनिटाला ७,२०० वेळा. जो थर भुकटी होऊन उडाला त्यावरील फोटो जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत परत येत नाही. अशी डिस्क घरच्या उपायांची नाहीच.

याबाबत काही समज पसरलेले आहेत, ते एकदा निपटून टाकू. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, असे सांगणारे ठायी ठायी भेटतात. फार जुन्या काळच्या एखाद्या डिस्कला त्याने चार मिनिटे जीव आलाही असेल. परंतु थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरते, आणि ओल्या तबकडीवर हेड फिरले की उरलेसुरलेही जाते. डिस्कला टपली मारणे, हलवून पाहणे, हे त्याच माळेतले. झाकण उघडून पाहणे तर सर्वांत घातक. प्रयोगशाळेत हे काम धूळ गाळून काढलेल्या हवेच्या खोलीत करतात. आपल्या ओसरीवर, पाचट आणि राख उडत असताना नव्हे. खालचा हिरवा सर्किट बोर्ड दुसऱ्या तशाच डिस्कचा काढून लावायचा, ही युक्ती जुन्या डिस्कांत कधी कधी चालत असे. नंतरच्या डिस्कांमध्ये त्या त्या डिस्कच्या खास नोंदी बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतात. ती चिप उतरवून नव्या बोर्डावर बसवल्याशिवाय काम होत नाही, आणि ते काम सफाईदार सोल्डरिंग करणाऱ्या जाणकाराचेच आहे.

मग मोडलेल्या डिस्कमधून काहीच निघत नाही काय? निघते, आणि आश्चर्य वाटावे इतके निघते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान परतीच्या वाटेवर आकाशातच तुटले. आपल्या हरियाणातील करनालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात गेले. यानावरच्या झेनॉन वायूच्या एका प्रयोगाची माहिती एका हार्ड डिस्कवर होती. ती डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका कोरड्या तळ्याच्या पात्रात, जळून काळी झालेल्या अवस्थेत सापडली. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील एका प्रयोगशाळेने तिच्या तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या, आणि सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर निघाली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. यान तुटले तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती, आणि तबकडीवर जिथे चरे पडले होते तिथे माहिती लिहिलेलीच नव्हती, म्हणून हे साधले. आकाशातून पडूनही वाचलेली माहिती, घरी टेबलावर टिक-टिक करणारी डिस्क दिवसभर चालू ठेवली तर मरते.

पुराचे पाणी शिरलेल्या डिस्कविषयी इथेच सांगून टाकतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे घरोघरी संगणक पाण्यात गेले. अशी डिस्क उन्हात वाळवू नये, हेअर ड्रायर लावू नये, तांदळाच्या डब्यात पुरू नये, आणि वीज तर मुळीच लावू नये. गाळाचे पाणी आत वाळले की त्याची पापडी तबकडीवर घट्ट बसते. ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ती तशीच प्रयोगशाळेकडे न्यावी.

घरी करण्याजोगे काम

आता मधल्या अवस्थेतील डिस्क घेऊ. आवाज नाही, डिस्क दिसते, परंतु अतिशय मंद चालते. एखादी फाइल उघडता उघडता सगळा संगणक अडकून बसतो. याचा अर्थ तबकडीचे काही तुकडे, ज्यांना 'बॅड सेक्टर' म्हणतात, वाचता येईनासे झाले आहेत. घरच्या रिकव्हरीचे खरे क्षेत्र हेच. आणि त्याचा नियम एकच : आजारी डिस्कची एकदाच, संपूर्ण नक्कल काढायची, मग तिला विश्रांती द्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे.

साहित्य फार लागत नाही. मूळ डिस्कपेक्षा मोठी एक चांगली डिस्क, लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह, आणि त्यातला 'डीडी-रेस्क्यू' नावाचा कार्यक्रम, तोही फुकट. विंडोजपेक्षा लिनक्स बरे, कारण विंडोजला डिस्क दिसली की ते आपणहून तिच्यात ढवळाढवळ करू लागते.

डीडी-रेस्क्यूची रीत आपल्या तोडणीच्या टोळीसारखी आहे. शहाणी टोळी आधी सरळ उभा ऊस तोडते, आणि लोळलेला, गुंतलेला ऊस शेवटी हाती घेते. हा कार्यक्रमही जो भाग सहज वाचता येतो तो आधी भराभर उतरवून घेतो, अडला की तो तुकडा सोडून पुढे जातो, आणि सगळे चांगले हाती आल्यावर मग खराब तुकड्यांकडे वळतो. साधी कॉपी करणारा कार्यक्रम पहिल्याच खराब जागी डोके आपटत बसतो, आणि तेवढ्यात डिस्कचा जीव जातो. शिवाय डीडी-रेस्क्यू कुठवर काम झाले याची एक नोंदवही ठेवतो. ही वही ठेवण्याचा आदेश सुरुवातीलाच द्यायचा असतो, तो विसरू नये. वीज गेली, काम मध्येच थांबवले, तरी दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सुरू करता येते. आपल्याकडच्या भारनियमनात हा गुण किती मोलाचा, ते सांगायला नको. तरीपण अशा दुबळ्या डिस्कला विजेचे हेलकावे सोसत नाहीत, तेव्हा हे काम इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करावे.

या कामात एकच चूक अशी आहे की जिला माफी नाही. मूळ डिस्क कोणती आणि नक्कल कोणती, यात उलटापालट झाली तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मूळ डिस्कवर लिहिला जातो. म्हणून दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. नवी डिस्क मुद्दाम वेगळ्या क्षमतेची घ्यावी, म्हणजे पडद्यावरील आकड्यांवरून ओळख पटते. आणि आदेश देण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाला तो वाचायला लावावा. मुलगा अकरावी-बारावीत असेल तर हे काम तो आपल्यापेक्षा चांगले करील. आपण शेजारी बसून घाई होऊ देऊ नये म्हणजे झाले.

वेळ किती लागतो? एक टेराबाइटची निरोगी डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने वाचली तर तीन तासांच्या आत होते. आजारी डिस्कला दोन दिवस लागतील, चार दिवसही लागतील. डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर टेबल फॅन सोडावा. आणि मध्येच टिक-टिक सुरू झाली तर काम थांबवावे. जेवढे उतरले तेवढे आपले.

नक्कल तयार झाली की तिच्यावर 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' हे दोन फुकट कार्यक्रम चालवता येतात. टेस्टडिस्क बिघडलेली नोंदवही पुन्हा मांडण्याचा प्रयत्न करतो. ती साधली तर सारे फोल्डर नावानिशी जसेच्या तसे दिसतात. न साधल्यास फोटोरेक. हा नोंदवहीकडे पाहतच नाही. सगळे रान पायी तुडवून, फोटोची सुरुवात कशी असते, कागदाची कशी असते, त्या खुणांवरून एकेक फाइल उचलून आणतो. त्याची खोड अशी, की फाइलींची नावे राहत नाहीत. दहा-वीस हजार फाइली बिननावाच्या पुढ्यात येऊन पडतात. घाबरू नये. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात बहुधा तारीख लिहिलेली असते, तिच्यावरून ते लावता येतात. ते निवडणे पावसाळ्यातले, घरच्या बायामुलांनी मिळून करायचे काम आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात वेळ बरा जातो.

दोन अडचणी आधीच सांगितलेल्या बऱ्या. नव्या लॅपटॉपवर विंडोज पुष्कळदा आपणहून डिस्कला कुलूप घालते. त्याची ४८ आकडी किल्ली नसेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून काही वाचता येत नाही. ही किल्ली बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात ठेवलेली असते. ते खाते दुकानदाराने कोणत्या ई-मेलवर उघडले, हे आजच शोधून ठेवावे. दुसरे, तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्कांमध्ये पुसलेली फाइल बहुधा काही वेळातच खरोखरीची साफ होते. वर सांगितलेला सात-बाऱ्याचा न्याय त्यांना लावू नये.

प्रयोगशाळेकडे जाण्यापूर्वी

पुणे-मुंबईस अशी कामे करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि डिस्क उघडावी लागली तर खर्च हजारांत जातो. म्हणून आधी एक कागद घेऊन बसावे. या डिस्कमध्ये असे काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही? सात-बारा, आठ-अ महाभूलेखच्या संकेतस्थळावरून परत मिळतात. उसाची बिले कारखान्याच्या दप्तरी आहेत. बँकेचे खाते-उतारे बँकेत मिळतात. लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडे असतील, पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असतील, कॅमेऱ्याच्या जुन्या कार्डावर असतील. एवढे वजा केल्यावर पुष्कळांच्या कागदावर दोनच ओळी उरतात. त्या दोन ओळींची किंमत प्रत्येकाने आपापली ठरवावी. ओव्यांचे रेकॉर्डिंग असेल तर आमचे मत विचाराल तर एक शेळी विकावी, पण ते काढून घ्यावे.

प्रयोगशाळेत खर्चाचा अंदाज लेखी मागावा. माहिती न निघाल्यास काय आकारणार, हे आधी विचारावे. काय झाले ते खरेखरे सांगावे : पडली, भिजली, कुणी उघडली. लपवल्याने नुकसान आपलेच. आणि 'बघू की, उघडून दाखवतो' असे म्हणणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, तो कितीही ओळखीचा असला तरी, रामराम करून पुढे जावे.

निघालेली माहिती पुन्हा एकाच डिस्कवर ठेवली तर एवढा खटाटोप वाया. बेण्याचा प्लॉट आपण वेगळा राखतो, तशी एक प्रत घरात आणि एक घराबाहेर, लेकीकडे म्हणा, भावाकडे म्हणा, असू द्यावी. हिशेबाचे कागद दर महिन्याला, फोटो दर सणानंतर उतरवावेत.

राहता राहिली ती जुनी डिस्क. माहिती निघाली तरी ती लगेच टाकू नये. एखादी फाइल राहून गेल्याचे सहा महिन्यांनी लक्षात येते. तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवावी. भंगारात द्यायची वेळ येईल तेव्हा तशीच देऊ नये, कारण आपले आधार, बँकेचे कागद, सह्या अजून तिच्यात आहेत. स्क्रू काढून तबकड्या बाहेर घ्याव्यात आणि त्यांच्यावर हातोडा घालावा. त्या वेळी झाकण उघडायला हरकत नाही. फक्त तबकडी काचेची असू शकते, तेव्हा पोत्यात घालून मग मारावी.